त्याची मान मी खाली ठेवली

"बरोब्बर काढलं बाबू तू. म्हणूनच तर घोटाळा झाला."

चंद्रपुरात जटपुरा गेटपासून थोड्या अंतरावर सकाळी मजुरांचा ठिय्या भरतो. तिथे उभ्या असलेल्या एका माणसानं मला हे वाक्य ऐकवलं. तो चिडलेला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं, कारण चिडलेल्या माणसाशी वाद घालता येतो. हा माणूस माझं कौतुक करत होता आणि त्याच दमात मी त्याचं काय बिघडवलं ते सांगत होता.

झालं होतं असं. आठवड्यापूर्वी मी समोरच्या चहाच्या टपरीवर बसून त्याचं पेन्सिल स्केच केलं होतं. खांद्यावर दुपट्टा, हातात डब्याची पिशवी, मान खाली. चित्र चांगलं उतरलं. मी फोटो काढून इन्स्टाग्रामवर टाकला, खाली 'वाट' एवढाच शब्द लिहिला. एरवी माझ्या चित्रांना चाळीस-पन्नास लाइक पडतात. याला आठशेच्या वर गेले. नागपूर-पुण्याच्या अनोळखी लोकांनी हात जोडलेले इमोजी टाकले. मी दोन दिवस हवेत होतो.

त्या माणसाच्या गावात त्याच्या सोयऱ्याच्या पोरानं ते पाहिलं आणि घरी दाखवलं. गावात त्यानं सांगून ठेवलं होतं की आपण कंपनीत लागलो आहोत. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती. पाहुण्यांनाही तेच सांगितलेलं. माझ्या चित्रात तो ठिय्यावर उभा होता, आणि मागे जटपुरा गेटची कमान मी मोठ्या हौसेनं, दगड न् दगड काढली होती. जागा ओळखायला काही अडचणच नव्हती.

"चेहरा वाकडातिकडा काढला असता तर मी म्हटलं असतं, दुसरा कोणी असंल," तो म्हणाला. "पण तू बरोब्बर काढलं."

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला आहे. चित्र जितकं चांगलं, तितका गुन्हा मोठा, असं असू शकतं का?

*

आधी थोडं माझ्याबद्दल. मी कलाशाळेत गेलेलो नाही. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या, तेवढंच शिक्षण. तुमच्यापैकी अनेकांनी त्या दिल्या असतील. त्यात स्मरणचित्राचा पेपर असायचा. बसस्टॉपवरची माणसं, बाजारातला भाजीवाला, नळावरच्या बायका. आम्ही सगळे तीन माणसं पाठ करून जायचो, एक उभं, एक बसलेलं, एक पाठमोरं. चेहऱ्याच्या जागी एक गोल आणि त्यावर केसांचा काळा ठिपका. बाजार असो की बसस्टॉप, तीच तीन माणसं सगळीकडे जायची. त्या माणसांना गाव नव्हतं, मुलगी नव्हती, पाहुणे नव्हते. त्यांचं काही बिघडण्याचा प्रश्नच नव्हता.

नोकरी लागल्यावर मी पुन्हा पेन्सिल हातात घेतली ती शहर काढायला. आमच्या भागातून कोणी चित्रं काढतो म्हटलं की लोक विचारतात, वाघ काढतोस का? ताडोबा शेजारी असल्यावर हा प्रश्न येणारच. पण मला वाघ काढायचा नव्हता. वाघाचे फोटो काढायला जगभरातून माणसं येतात. गोल बाजारातल्या वजनकाट्यावर वाकलेल्या माणसाकडे मात्र कोणी पाहत नाही. आणि चंद्रपूर हे काढण्यासारखं शहर आहे. गोंड राजांनी बांधलेला परकोट, चार दरवाजे, पाच खिडक्या, दरवाज्यांवर हत्तीवर स्वार झालेला सिंह. त्या कमानीखालून शाळेची ऑटो, कोळशाची धूळ बसलेल्या मोटारसायकली, महाकालीच्या यात्रेला आलेले लोक, सगळे एकाच रांगेत जातात. शहराबाहेर औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या, २९२० मेगावॅटच्या. त्यांच्या आजूबाजूच्या झुडपांत बिबटे राहतात आणि त्याच रस्त्यानं माणसं पाळीला जातात. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा दुपारी रस्त्यावर फक्त तीच माणसं दिसतात ज्यांना घरी बसणं परवडत नाही.

हे सगळं पेन्सिलीनं काढण्यात मला एक गंमत वाटायची. पेन्सिलीला आपण शिसपेन्सिल म्हणतो, पण तिच्यात शिसं नसतं. ग्राफाइट असतं, म्हणजे कार्बन, ज्याचा कोळसाही मुख्यतः बनलेला असतो. १७९५ मध्ये कॉन्ते नावाच्या फ्रेंच माणसानं ग्राफाइटच्या भुकटीत माती मिसळून भाजली, कारण युद्धामुळे इंग्लंडचं चांगलं ग्राफाइट मिळेनासं झालं होतं. मातीचं प्रमाण जास्त तर पेन्सिल कडक आणि फिकी, कमी तर मऊ आणि काळी. आजची पेन्सिलही मूळ त्याच रीतीनं बनते. कोळशाच्या गावाचं चित्र कोळशाच्या सख्ख्या भावानं काढायचं, असं मी मित्रांना सांगायचो. ऐकायला छान वाटायचं.

*

त्या माणसानं मला विचारलं, "न विचारता काहून काढलं?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. रस्त्यावर चित्र काढणाऱ्या प्रत्येकाकडे ते असतं. रस्ता सगळ्यांचा आहे. मी फोटो काढला नाही, मी पाहिलं आणि काढलं. पाहायला परवानगी लागते का? शिवाय विचारलं की माणूस पोज घेतो. पाठ ताठ करतो, केस सारखे करतो, कॅमेऱ्यासमोर उभं राहावं तसा उभा राहतो. मग तो रस्त्यावरचा माणूस उरत नाही.

आणखी एक युक्तिवाद मी स्वतःसाठी राखून ठेवला होता. कॅमेरा क्षणात उचलतो आणि खिशात जातो. पेन्सिलीला वेळ द्यावा लागतो. वीस मिनिटं मी त्या माणसाकडे पाहिलं होतं, त्याच्या गुडघ्याचा कोन, पिशवीच्या वजनानं कलंडलेला खांदा. इतक्या लक्षपूर्वक त्या दिवशी त्याच्याकडे दुसऱ्या कोणीही पाहिलं नसेल, ठेकेदारानंसुद्धा नाही. म्हणजे माझं पाहणं हा एक प्रकारचा आदर झाला, नाही का?

घरी आल्यावर मी ते चित्र पुन्हा समोर घेतलं आणि ती वीस मिनिटं आठवायचा प्रयत्न केला. स्मरणचित्राचा पेपर असावा तसा. आणि जे आठवलं त्यानं हा आदराचा युक्तिवाद तिथल्या तिथे आडवा झाला.

त्या वीस मिनिटांत तो माणूस शेजाऱ्याशी बोलून मोठ्यानं हसला होता. त्यानं खर्रा घोटला होता, दोघांना वाटला होता. एका मोटारसायकलवाल्याला हाक मारून काहीतरी टोमणा मारला होता. मान खाली घालून तो उभा होता तो फार तर एक मिनिट, पायाखालची पिशवी उचलताना. एकोणीस मिनिटं सोडून मी ते एक मिनिट घेतलं. घेतलं एवढंच नाही, त्याच्या ओठाशी मी आधी एक वर गेलेली रेघ काढली होती. ती मी खोडरबरानं पुसली होती. कागदाला तिरपं धरलं की अजून तिचा व्रण दिसत होता.

माझ्या मते इथे पेन्सिल आणि कॅमेरा यांचे रस्ते वेगळे होतात, आणि ते पेन्सिलीच्या बाजूनं नाही. कॅमेरावाला निदान म्हणू शकतो की ते तसं होतं, मी फक्त बटण दाबलं. तोही क्षण निवडतोच, पण पेन्सिलवाला प्रत्येक रेघ निवडतो. कागदावर जे आहे ते मी आणलं आहे, जे नाही ते मी वगळलं आहे. मान खाली मी ठेवली. हसू मी पुसलं. का पुसलं? कारण हसणारा मजूर चित्रात 'बसत' नव्हता. वाट पाहणारा, थकलेला, मान खाली घातलेला मजूर बसत होता. आणि मला मनातून माहीत होतं की लाइक त्यालाच पडतात.

म्हणजे न विचारता काढलं हा माझा लहान अपराध. मोठा अपराध हा की वीस मिनिटं पाहूनही मी तेच पाहिलं जे मला आधीपासून पाहायचं होतं.

*

असा प्रश्न पडलेला मी काही पहिला नाही. ज्यांची चित्रं पाहून मी शहर काढायला शिकलो त्यांच्याकडे वळलो.

सुधीर पटवर्धन १९४९ साली पुण्यात जन्मले. डॉक्टर झाले, ठाण्यात अनेक वर्षं रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं आणि सोबत चित्रकला केली. १९७७ च्या 'इराणी रेस्टॉरंट'पासून २००१ च्या 'लोअर परळ'पर्यंत त्यांच्या चित्रांत मुंबई-ठाण्याची कष्टकरी माणसं, पूल, चाळी, रेल्वे, गिरण्यांची बदलती वस्ती सतत येत राहिली. दिवसभर माणसांच्या हाडांचे एक्स-रे पाहणारा डॉक्टर संध्याकाळी त्याच माणसांची बाहेरची बाजू काढतो, हे मला फार भारी वाटायचं. त्यांच्या विचारात एक मुद्दा पुन्हा पुन्हा येतो. ज्यांचं चित्र काढलं, त्यांना त्या चित्रात स्वतःला ओळखता यावं. मजुराचं चित्र फक्त गॅलरीतल्या लोकांना कळत असेल तर काहीतरी चुकलं.

हे वाचून मी पूर्वी भारावलो होतो. आता ते वाचताना घशात अडकतं. माझ्या चित्रात त्या माणसानं स्वतःला ओळखलं, त्याच्या गावानंही ओळखलं, आणि तीच तर त्याची तक्रार होती. पण मग लक्षात आलं की ओळख दोन प्रकारची असते. एक आरशातली, हे नाक माझं, हा दुपट्टा माझा. दुसरी अशी की हो, मी असा आहे, हे माझं आयुष्य आहे. मी पहिली जमवली होती आणि दुसरी पुसून टाकली होती. चेहरा त्याचा होता, पण चित्रातली कहाणी माझी होती.

दुसरे चित्तप्रसाद. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात ते मिदनापूरमध्ये पायी हिंडले आणि भुकेनं मरणाऱ्या माणसांची चित्रं काढली. 'हंग्री बंगाल' नावानं ती छापली गेली, तेव्हा ब्रिटिश सरकारनं प्रती जप्त करून नष्ट केल्या. पुढे ते मुंबईत राहिले. आता सांगा, भुकेनं आडवं झालेल्या माणसाला त्यांनी आधी परवानगी विचारायला हवी होती का? आणि तो नाही म्हणाला असता तर? सरकार घाबरलं ते चित्रांना, म्हणजे ती काढणं गरजेचंच होतं. फक्त परवानगी मिळालेल्यांचीच चित्रं काढायची असं ठरवलं, तर ज्यांना दिसायची लाज वाटावी अशी वेळ आणली गेली आहे ते सगळे चित्रांतून नाहीसे होतील. उरतील ते उद्घाटनाला उभे असलेले.

म्हणून 'विचारून काढा' एवढ्यावर प्रश्न सुटत नाही. पण चित्तप्रसादांचं उदाहरण देऊन मला सुटकाही मिळत नाही. ते त्या माणसांसाठी हिंडत होते. मी आठशे लाइकसाठी टपरीवर बसलो होतो.

*

याच सुमारास मी कामानिमित्त गडचिरोलीला जाऊ लागलो. मूल, सावली ओलांडून वैनगंगेचा पूल लागला की गडचिरोली. १९८२ पर्यंत हा चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता. पण शहर म्हणून दोन्हींत खूप फरक. इंदिरा गांधी चौकात बसून मी दोन-तीनदा वही उघडली. एकदा एक म्हातारे गृहस्थ शेजारी येऊन बसले, वहीकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "काय सर्वे करून रायले गा?"

मी म्हटलं, नाही बाबा, चित्र काढतोय. त्यांनी मान हलवली, पण त्यांचा विश्वास बसल्याचं दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी आणखी एकानं विचारलं, कोणत्या खात्यातून आलात?

मला आधी हसू आलं. मग विचार केला. या जिल्ह्यात बाहेरचा माणूस येऊन कागदावर रेघा ओढतो तेव्हा पुढे काय होतं? राखीव जंगलाची हद्द अशीच रेघांनी ठरली. कूप असेच आखले गेले. रस्ता, धरण, खाण, सगळ्याची सुरुवात कुणाच्या तरी कागदावरच्या रेघेनं झाली, आणि रेघ ओढणाऱ्यानं फारच क्वचित कोणाला विचारलं. इथल्या माणसानं वही उघडणाऱ्याकडे संशयानं पाहावं हे अडाणीपण नाही. तो अनुभव आहे.

माझी वही तरी कुठून आली? बल्लारपूरची कागद गिरणी आमच्या शेजारी. गडचिरोलीच्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षं कागदासाठी गेला, आणि ज्यांच्या गावाशेजारी तो वाढायचा त्यांना तो स्वतः विकायचा हक्क नव्हता. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं तो हक्क लढून मिळवला. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हातात आले. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्या गावाची घोषणा तुम्ही ऐकली असेल. मला त्यातून माझ्यापुरता एक अर्थ लागला. तुमच्याबद्दल कागदावर जे लिहिलं, काढलं जातं, त्यात तुमचा शब्द असला पाहिजे. नुसती सही नाही, शब्द.

त्या दिवसापासून गडचिरोलीत मी एक साधी गोष्ट सुरू केली. वही छातीशी धरायची नाही, मांडीवर उघडी ठेवायची, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. ते म्हातारे बाबा पुन्हा भेटले तेव्हा मी अर्धवट चित्र त्यांच्याकडे फिरवलं. त्यांनी बोट ठेवून सांगितलं, "इथं झाड होतं. मोठं. तोडलं." मग ते झाड कसं होतं, त्याखाली कोण बसायचं, हे सगळं सांगितलं. मी झाड काढलं नाही, कारण ते आता तिथे नव्हतं. पण त्या जागी मी आधी भरणार होतो ती दुकानाची पाटीही काढली नाही. ती जागा कोरी ठेवली.

*

आता मूळ गोष्टीकडे. मी पोस्ट त्याच दिवशी काढून टाकली. त्या माणसानं आणखी एक मागितलं, "तो कागद मले दे."

आणि मी म्हणालो, "उद्या आणतो काका."

वही माझ्या पिशवीतच होती.

हे लिहिताना मला सगळ्यात जास्त जड जातंय. माझं आजवरचं सगळ्यात चांगलं स्केच होतं ते. घरी नेऊन मी त्याचा नीट उजेडात फोटो काढला, स्कॅन केला आणि मग दुसऱ्या दिवशी कागद नेऊन दिला. त्यानं तो चार घड्या घालून खिशात ठेवला. त्याला वाटलं प्रकरण संपलं. माझ्या फोनमध्ये ते चित्र पुढे आठ महिने होतं. मी ते कोणाला दाखवलं नाही. पण ठेवलं होतं. मी आदराबद्दल कितीही लिहिलं तरी ते आठ महिने त्यात मोजावे लागतील.

शेवटी डिलीट केलं, तेही काही मोठ्या निश्चयानं नाही. तोच माणूस पुन्हा ठिय्यावर दिसला. मी मुलीच्या लग्नाचं विचारलं. "जमलं," तो म्हणाला. पाहुण्यांना त्यानं स्वतःच खरं सांगून टाकलं होतं. कसं, ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. हे ऐकून मला हायसं वाटलं आणि लगेच त्या हायसं वाटण्याची लाजही वाटली. लग्न जमलं म्हणून माझी चूक कमी होत नाही. ती त्यानं निस्तरली, मी नाही.

मग त्यानं विचारलं, "तुले काय भेटते याचं?"

मी काहीतरी बोललो. शहराची नोंद राहते, असं काहीसं. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "उभा असतानाचं काय काढतो? कामावर ये."

*

मी गेलो. तुकूमकडे एका इमारतीचा स्लॅब पडत होता. मिक्सरचा आवाज, सिमेंटची धूळ, घमेली हातोहात वर जात होती. तो रांगेत तिसरा होता. मी एका कडेला विटांवर बसलो आणि काढू लागलो, आणि मला काहीच जमेना. खांदा काढेपर्यंत खांदा हललेला असे. चेहरा एक सेकंद दिसायचा आणि घमेल्यामागे जायचा. तासाभरात माझ्या कागदावर वीसेक हात, अर्ध्या पाठी आणि एकमेकांवर चढलेल्या रेघांचा गुंता झाला. खोडायलाही वेळ नव्हता. पुसावं म्हटलं तरी काय पुसणार?

जेवणाच्या सुट्टीत मी ते पान दाखवलं. चौघं-पाच जण वाकून पाहू लागले. हा हात माझा, नाही रे माझा, घड्याळ पाहा, अशी भांडणं लागली. त्यानं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "यात मी कोणताच नाही वाटत."

"खराब झालं काका," मी म्हटलं.

"खराब काहून? काम असंच असते."

मग हसून म्हणाला, "हे टाक मोबाईलवर. कोणी ओळखत नाही."

मी ते टाकलं नाही. टाकलं असतं तर हरकत नव्हती, त्यानं स्वतः सांगितलं होतं. पण माझ्या मनात अजून हिशेब लागलेला नाही. ज्यात कोणीच ओळखू येत नाही तेच चित्र निर्दोष, हे मला पटत नाही. तसं असेल तर आम्ही परीक्षेत पाठ केलेली ती तीन माणसंच सगळ्यात नैतिक ठरतील. माणसाचा चेहरा काढणं मला सोडायचं नाही. फक्त आता मी पूर्वीपेक्षा जास्त वेळ बसतो. हसू आलं तर ते काढायचा प्रयत्न करतो, आणि हसू काढणं हे दुःख काढण्यापेक्षा किती तरी अवघड आहे हे मला या वयात कळतंय. जरा रेघ चुकली की दात विचकल्यासारखं दिसतं. काढून झालं की उठून जातो आणि वही त्या माणसासमोर धरतो. काही जण म्हणतात, फाड. मग मी फाडतो, आणि फाडण्याआधी फोटो काढत नाही.

मागच्या आठवड्यात गोल बाजारात एका भाजीवाल्या मावशीसमोर वही धरली. तिनं डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, "वांगे कमी काढले."

मी पुन्हा खाली बसलो आणि वांगी मोजू लागलो.